ड्रायव्हरच्या सीटवरचा पाना

११ जानेवारी

किल्ली,

सुरुवात कशी करायची यात दोन कागद फुकट गेले. एकावर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. आशीर्वाद द्यायला समोरच्याने आधी वाकावं लागतं, आणि तू वाकणाऱ्यातली कधीच नव्हतीस. म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव तेवढं लिहितो. लहानपणी गाडीची किल्ली तुझ्या मुठीतून सोडवायला दोन माणसं लागायची, ते आठवलं.

तुझा पत्ता तुझ्या वहिनीकडे होता. आठ वर्षं तिने तो मला सांगितला नाही आणि मी विचारला नाही. फोन नंबरही आहे म्हणते. पण फोनवर तू गप्प राहिलीस तर ते मला ऐकू येईल. पत्रात ती भीती नाही.

आईला ऑक्टोबरात झटका आला. डावी बाजू गेली. बोलते, पण एकेक शब्द, तोही तोंडातल्या तोंडात. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागतं. रिक्षात पाय उचलत नाही, भाड्याच्या गाड्यांच्या सीटा उंच. मागच्या खेपेला तिघांनी मिळून तिला आत बसवलं, तेव्हा ती रडली. दुखलं म्हणून नाही, लोक बघत होते म्हणून. डॉक्टर म्हणतात, पहिल्या वर्षात जेवढं सुधारेल तेवढंच. तिला न लाजता चढता-उतरता येईल अशी एकच गाडी या घरात आहे, ती म्हणजे बाबांची. दार रुंद, सीट खाली.

माझा डेपो जूनमध्ये बंद झाला. चौदा वर्षं ट्रकखाली झोपून काढली, आता घरात उभा राहतो तर तुझी वहिनी म्हणते, जरा बाजूला व्हा, उजेड अडतो. ती शिवणकामाच्या कारखान्यात जाते, मी आईचं करतो. तिची वेणीसुद्धा घालतो. वेणी पाहून आई आरसा मागत नाही, यातच काय ते समज.

गाडीचं जुनं इंजिन त्या दिवसापासून जाम आहे. ते उघडण्यात अर्थ नाही, सुटे भाग मिळत नाहीत. डेपोतला पाण्याचा ट्रक मोडीत निघाला, त्याचं डिझेल इंजिन मला मिळालं. तेच बसवतोय. गाडी आपली मोटार आणि पोटात ट्रक. बाबांनी कान धरला असता.

किल्ली, झालं ते होऊन गेलं. मी मनात काही ठेवलेलं नाही. चूक कोणाच्याही हातून होते, आणि तुझं तेव्हा वय ते काय होतं. तूही मनातून काढून टाक.

काम एवढंच, की डिकीची किल्ली तुझ्याकडे राहिली आहे. जॅक आणि बाबांची हत्यारं आत आहेत. कुलूप फोडायला दोन मिनिटं लागतील, पण हात होत नाही. पाठवलीस तर बरं होईल.

दादा


२ फेब्रुवारी

किल्ली,

किल्ली पोचली. पाकीट तीनदा झटकलं. आत दुसरं काही नव्हतं. वहिनी म्हणाली, आणखी काय हवं होतं, हार?

डिकी उघडली. जॅक, हत्यारांची गुंडाळी, बाबांची पाठीची उशी, आणि तुझी एक चप्पल. एकच. दुसरी कुठे गेली ते तुलाच ठाऊक. बाकी काही विशेष नव्हतं.

जुनं इंजिन बाहेर काढलं. अंगणातल्या लोखंडी चौकटीला चेनपुली बांधली आणि एकट्यानेच ओढलं. आईची खाट खिडकीशी आहे. ती सगळं पाहत होती. इंजिन वर येऊन लोंबकळलं तशी तिने तोंड फिरवलं. त्या गाडीत बसशील का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. बाबा तिच्याच मागच्या सीटवर गेले, नंतर ती गाडीच्या जवळही गेली नाही. आणि तुझं नाव घरात निघत नाही. कोणी काढू पाहिलं तर ती 'पुरे' म्हणते. झटक्यानंतर तिचे किती शब्द गेले, हा मात्र नेमका राहिला.

लेथवाला आठवतो ना? बाबांचा मित्र, ज्याच्याशी बोलताना शेजारच्या गल्लीलाही सगळं कळायचं. आता तर अजिबात ऐकू येत नाही. ट्रकच्या इंजिनाला आपला गिअरबॉक्स जोडायचा तर मध्ये एक जाड प्लेट हवी, ती तो कापून देणार आहे. परवा येऊन तो जुन्या इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारून गेला. म्हणाला, "हे उघडू या की. पाण्यावाचून तापलं असेल तर हेड गेलं असेल, फार तर पिस्टन. क्रँक शाबूत असेल. ट्रकचं धूड कशाला घालतोस?" मी सांगितलं, भाग मिळत नाहीत. तो म्हणाला, मी बनवतो. मी म्हटलं, वेळ नाही. तो म्हणाला, तुला नोकरी नाही, वेळ कसा नाही? मग मी चहा करायला आत गेलो.

इंजिन मी ताडपत्रीत गुंडाळून वरून तार आवळली आहे. पाऊस नाही, धूळ नाही, तरी.

काम करताना बाबांचे नियम डोक्यात चालू असतात. गाडी परत आणून लावली की वहीत लिहायचं: कोण घेऊन गेलं, पाणी पाहिलं का, तेल पाहिलं का. आणि दुसरा: काम अर्धवट टाकून उठायचं असेल तर पाना ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचा. कोणीही बसायला आलं तर आधी तो उचलावा लागेल, आणि उचलणाऱ्याने विचारल्याशिवाय बसायचं नाही. पाना ज्याने ठेवला त्यानेच काम पुरं करून उचलायचा. एकदा तू सात वर्षांची असताना त्याच्यावर बसलीस आणि रडत आलीस. बाबा म्हणाले, आता आयुष्यभर लक्षात राहील.

हे तुला का सांगत बसलो कोण जाणे. तुला सगळं पाठ आहे.

दादा


२१ फेब्रुवारी

किल्ली,

तुझं पत्र नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन दिसला की मी अंगणात काहीतरी शोधत असतो.

प्लेट आली. बसवायला गेलो तर चारातलं एक भोक जुळेना, करंगळीच्या नखाएवढा फरक. माझं डोकंच फिरलं. प्लेट खांद्यावर घेऊन लेथवाल्याकडे गेलो आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं असताना वाट्टेल ते बोललो. कान गेले ते गेले, आता डोळेही गेले का, असंही म्हणालो. त्याला ऐकू येत नाही, पण माझं तोंड दिसत होतं. त्याने मशीन बंद केलं, हात पुसले, खिळ्याला अडकवलेल्या कागदांतून एक काढला आणि माझ्या हातात दिला. मापाचा कागद. अक्षर माझं. सहाच्या जागी आठ मी लिहिले होते.

नाचता येईना, अंगण वाकडं. गिऱ्हाइकं आपापल्या बुटांकडे बघत उभी होती.

मी माफी मागितली ती इतक्या हळू, की ऐकणाऱ्यालाही ऐकू गेली नसती. त्याने नवं भोक पाडून दिलं. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आणि त्याचं हळू म्हणजे किती ते तुला माहीत आहे: "तुझा हात चांगला आहे रे. पण चुकलास की आधी आजूबाजूला बघतोस, कोण उभा आहे ते."

घरी आलो आणि वहिनीला सांगितलं, हसण्यावारी न्यावं म्हणून. ती हसली नाही. शिवणाचे दोरे तोडत होती. म्हणाली, "तुमची ही सवय आजची नाही." मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाली, "काही नाही," आणि दिवा लावायला उठली.

किल्ली, मागच्या पत्रात मी डिकीतल्या वस्तू लिहिल्या. एक लिहिली नाही. गाडीची वही. उशीखाली होती. शेवटची नोंद तुझी आहे, त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळची. तुझं ते तिरकं अक्षर: 'पाणी पाहिलं, अर्धा तांब्या घातलं. तेल ठीक, उद्या दादा बदलणार आहे.'

म्हणजे पाणी होतं. ही वही मी तीन आठवडे माझ्या कपड्यांखाली ठेवली आहे. आई वाचू शकते. डावा डोळा थोडा अधू आहे, पण वाचते. तिला मी दाखवलेली नाही.

कदाचित तेलाचं काही झालं असेल. जुनं इंजिन होतं, कुठून गळलं काय सांगावं. अशा वेळी दोष कोणाचाच नसतो. मला वाटतं तू तसंच समजावंस.

दादा


२२ फेब्रुवारी

कालचं पत्र टाकायला पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. शेवटच्या चार ओळी पुन्हा वाचल्या. 'कुठून गळलं काय सांगावं.' लाज नाही मला. पण फाडतही नाही, तशाच पाठवतो. तुला कळू दे मी आठ वर्षं कसा बोलत आलो ते.

सगळं लिहायला आज हिंमत नाही.


१० मार्च

किल्ली,

आज लिहितो. मध्ये उठणार नाही असं ठरवून बसलोय. आई झोपली आहे, वहिनी कामावर आहे, दुपार आहे.

इंजिन बसलं. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर स्टिअरिंगच्या दांड्याला लागत होतं, ते कापून पुन्हा वेल्डिंग केलं. पुढच्या स्प्रिंगा ट्रकच्या घातल्या, नाहीतर गाडी नाकावर बसत होती. रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला. बॉनेट लागत नाही, दोरीने बांधणार आहे. काल शेवटचं काम उरलं होतं: खाली चेंबरला तेल काढायचा बोल्ट असतो, तो घट्ट करायचा. हाताने बसवला, एवढ्यात आईने घंटी वाजवली. मी गाडीखालून निघालो, उठलो, दार उघडलं, पाना ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला आणि आत गेलो. हात आपोआप चालले.

आईला पाणी हवं होतं. देऊन परत आलो. सीटवर एकोणीस नंबरचा पाना पडलेला होता. मी तिथेच जमिनीवर बसलो.

त्या दिवशीही तोच पाना होता. मी सकाळी तेल बदललं. बोल्टाखालचं तांब्याचं वायसर झिजलं होतं. नवं आणून मग घट्ट करू म्हणून बोल्ट हाताने बसवला, नवं तेल भरलं, पाना सीटवर ठेवला आणि चहा प्यायला आत आलो. नियमाप्रमाणे. तेवढ्यात बाबा पायरीवर बसले आणि छातीला हात लावून म्हणाले, जरा बघा रे. रुग्णवाहिका अर्ध्या तासाने येईल म्हणाले. मी त्यांना उचलून मागच्या सीटवर घेतलं, तू पुढचं दार उघडलंस.

तू पाना उचललास. आणि नियमाप्रमाणे विचारलंस. "दादा, हा पाना कशाला?"

मी तुझ्या हातातून तो घेतला, खिशात घातला आणि म्हणालो, "काही नाही. बस तू."

इथपर्यंत तुलाही माहीत आहे. आता जे लिहितो ते कोणालाच माहीत नाही. मला आठवलं होतं, किल्ली. त्याच क्षणी आठवलं होतं. घाईत विसरलो असं मी स्वतःलाही पुष्कळदा सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. पाना हातात आला तेव्हा बोल्ट डोळ्यांसमोर उभा राहिला. मला वाटलं, पाच किलोमीटर तर जायचं, तेवढं टिकेल. गाडीखाली लोळून जायचं आणि पाना दोन वेळा फिरवायचा, एवढंच काम होतं. काल मी तेच केलं आणि मनात आकडे मोजले. चाळीसपर्यंत पोचलो.

शाळेपुढच्या खड्ड्यात बोल्ट पडला असणार. पुढे तू म्हणालीस, दादा, मीटरमधला लाल दिवा लागलाय, थांबू का? मी म्हणालो, चालव. तू पुन्हा विचारलंस. मी ओरडलो, चालव म्हटलं ना. पुलावर इंजिन जाम झालं. तू अनवाणी धावत रस्त्याच्या मध्ये उभी राहिलीस, तेव्हा कुठे तो दुधाचा टेम्पो थांबला. तोवर बाबांचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणायला हवं होतं. पुलावर आपण पंचवीस मिनिटं होतो.

आई मावशीकडून आली ती थेट दवाखान्यातच. तिने एवढंच विचारलं, गाडी बंद कशी पडली. प्रश्न पुरा व्हायच्या आत मी बोललो. "पाणी नव्हतं. काल हीच घेऊन गेली होती." मी आजूबाजूला पाहिलं आणि तू उभी होतीस. लेथवाला बरोबर बोलला.

तू माझ्याकडे पाहिलंस. नुसतं पाहिलंस. तू एक शब्द बोलली असतीस तर मी तिथल्या तिथे कोसळलो असतो. तू बोलली नाहीस, आणि मला त्याचा राग आला नाही, दुःखही झालं नाही. सुटलो असं वाटलं. हे खरं आहे. आई तुला म्हणाली, माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस आणि मी ती बसपर्यंत उचलून आणून दिली. मोठा भाऊ म्हणून.

गाडी ओढून घरी आणल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की दुसरा बोल्ट लावला आणि तेल भरून ठेवलं. कोणी पाहिलं तर सगळं जागच्या जागी. पण इंजिन उघडलं तर बेअरिंगं दिसतील, तेलावाचून जळालेली. लेथवाल्याला एका नजरेत कळेल. म्हणून ट्रकचं इंजिन. आईसाठी म्हणालो, तेही खरंच आहे. पण भाग मिळत नाहीत हे खोटं होतं. आठ वर्षं जे उघडायला नको ते बाहेर काढून, तार बांधून मोडीत घालायचं, आणि त्याच्या जागी असं काही बसवायचं की जुन्याचं नावही निघणार नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आणि जानेवारीत मी तुला लिहिलं, मी मनात काही ठेवलेलं नाही. मी तुला माफ केलं होतं. माझ्या चुकीबद्दल.

मी माफी मागत नाही. मागितली तर ती तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. मला फक्त तुझी लाज वाटते. नाही, नीट लिहितो: मला तुझ्यापुढे माझी लाज वाटते.


२६ मार्च

तुझं कार्ड आलं. चार ओळी. अंगणात उभ्यानेच वाचलं, मग आत जाऊन दार लावून वाचलं.

'पाना मी पाहिला होता. नियम मलाही माहीत होता. तू बस म्हणालास आणि मी बसले. म्हणून गप्प राहिले. आईला सांगितलंस का?'

किल्ली, तू हे आठ वर्षं स्वतःकडे घेऊन बसली होतीस? मी समजत होतो तू माझ्यावर दया केलीस, किंवा माझा तिरस्कार करून गेलीस. यातलं काहीही मी सहन केलं असतं. पण तुला स्वतःचाच दोष वाटत राहिला, कारण तू मोठ्या भावाचं ऐकलंस. बाबा जाताहेत, भाऊ म्हणतो बस. कोण बसणार नाही? मला हे सुचलंच नव्हतं. माझी लाज एवढी मोठी होती, की तिच्या आड तू दिसलीच नाहीस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. अजून नाही.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, मला अंदाज होता. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? "मी बोलले असते तर तुम्ही माझ्याशी भांडला असता आणि सुटला असता." शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईला टाका कुठे सुटलाय ते बरोबर दिसतं. आईला सांगितलं तर तिला दुसरा झटका येईल, असंही मी म्हणून पाहिलं. वहिनी म्हणाली, आता आईंच्या आड लपता का.


८ एप्रिल

किल्ली,

आईला सांगितलं.

गुरुवारी सकाळी तिची वेणी घालून झाल्यावर. तिच्या मागे बसून सांगणं सोपं गेलं असतं, म्हणून उठून पुढे आलो आणि खाटेजवळ जमिनीवर बसलो. आधी वही दिली. तिने तुझी ओळ बोट ठेवून वाचली. मग मी बोललो. जे तुला लिहिलं तेच, कमी न करता, चाळीस आकड्यांसकट. तिचं उजवं बोट त्या ओळीवरच राहिलं. मध्ये एकदाही तिने 'पुरे' म्हटलं नाही. मी वाट पाहत होतो, ती म्हणाली नाही.

बोलून झालं तेव्हा तिने खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "जा."

तीन दिवस तिने माझ्या हातून पाणी घेतलं नाही. वहिनी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर भरवायची, मधल्या वेळात ती तशीच पडून राहायची. शेजारणीला बोलावलं तर तिच्याकडून घ्यायची. मी दाराबाहेर पायरीवर बसायचो, घंटी वाजली तर ऐकू यावी म्हणून. घंटी वाजली नाही. वेणी तीच, सुटत चाललेली. आठ वर्षं तुला कशी गेली असतील याचा अंदाज मला तीन दिवसांत आला म्हणणार नाही. सुरुवात झाली एवढंच.

चौथ्या दिवशी रविवार होता. तिने वहिनीला खूण केली, गाडी. आम्ही दोघांनी तिला खुर्चीवरून अंगणात नेलं. मागचं दार उघडलं. मी तिला उचलून आत बसवलं, ती एका दमात बसली, पाय कुठे अडकला नाही. त्याच सीटवर. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, सीटवर मात्र उजवा हात बराच वेळ फिरवत राहिली.

मी पुढे बसलो आणि इंजिन चालू केलं. पहिल्या फिरकीला लागलं. सगळी गाडी धडधडली, दोरी बांधलेलं बॉनेट थडथडलं, शेजारचे बाहेर आले. लेथवाला गल्लीच्या तोंडाशी उभा होता, त्याला म्हणे जमिनीतून कळलं. आणि खरं सांगतो, मला एक क्षण आनंद झाला. मला वाटलं, आता तिला घेऊन जाईन, सगळं मार्गी लागेल.

तिने पुढच्या सीटच्या पाठीवर थाप मारली. "बंद." डिझेल इंजिन बंद करायला एक तार ओढावी लागते, ती ओढली. "उतर." उतरलो. "पाना."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वहिनीने आतून आणून दिला. एकोणीस नंबर. मी तो आईपुढे धरला. तिने मान हलवली आणि बोट दाखवलं, ड्रायव्हरच्या सीटकडे. मी तिथे ठेवला.

मग तिने एक शब्द उच्चारायला सुरुवात केली. झटक्यानंतर 'क' तिला नीट येत नाही. ओठ वाकडा होतो, लाळ येते, तिला त्याची शरम वाटते म्हणून ती 'क'चे शब्द टाळते. तिने तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा आला.

"किल्ली उचलेल."

आठ वर्षांनी तुझं नाव या घरात निघालं. वहिनी पदराने डोळे पुसत होती. मी पुसले नाहीत, मला तो अधिकार नव्हता.

मी चालवणार असेन तर ती गाडीत बसत नाही. बुधवारी दवाखान्यात न्यायला पुन्हा भाड्याची गाडी आणली, पुन्हा तिघांनी उचललं, लोकांनी पाहिलं. ती रडली नाही. ताठ बसून होती. पाणी आता माझ्या हातून घेते. बोलत नाही, पण घेते. मला एवढं पुष्कळ आहे, आणि पुष्कळ आहे म्हणायचीही लाज वाटते.

तू ये असं मी लिहीत नाही. ती तुझी मर्जी. आई वाट पाहते आहे हे मात्र लपवून चालणार नाही. लपवणं मी आता बंद केलं आहे. खाट तिने सरकवून घेतली आहे. आधी खिडकीतून गाडीचं बॉनेट दिसायचं, आता फाटक दिसतं.

जुन्या इंजिनाची तार मी सोडली. लेथवाल्याने उघडलं, बेअरिंगं पाहिली. एक बेअरिंग त्याने पुसून मला दिलं. ते माझ्याकडे आहे.

गाडी तयार आहे. तेल पाहिलं, पाणी पाहिलं, वहीत तुझ्या ओळीखाली लिहून सही केली. खालचा बोल्ट नव्या वायसरावर मी घट्ट केला आहे. पण पाना सीटवर आहे, तेव्हा आलीस तर आधी खाली वाकून स्वतः बघ, स्वतः फिरवून बघ, आणि मगच बस. दादा म्हणाला म्हणून बसू नकोस.